गावातला फायबर तीन किलोमीटरवरच्या वस्तीपर्यंत: दोन इमारतींमध्ये वायरलेस लिंक कशी टाकायची

गावठाणातल्या घरी फायबर येऊन चार वर्षं झाली, पण मळ्यातल्या पॅकहाऊसवर मोबाइलची एक काडी आली तर आली. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात हे सर्रास दिसतं. फायबर मळ्यापर्यंत ओढायचा म्हटलं तर मध्ये चौघांचे बांध, एक डांबरी रस्ता आणि एक ओढा. शिवाय पुढच्या नांगरटीला केबल तुटणार ती वेगळीच. अशा ठिकाणी घराच्या गच्चीवर एक आणि पॅकहाऊसवर एक अशा दोन डिश समोरासमोर लावून लिंक टाकणं हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

टिकाऊ म्हणजे नीट उभी केली तर. बहुतेक लोक सगळं डोकं रेडिओ, म्हणजे डिशमधला सिग्नल पाठवणारा-घेणारा डबा, कुठला घ्यायचा यात घालतात, आणि खरं तर तोच या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. लिंक पडते ती डुगडुगणाऱ्या पाइपामुळे, पाणी शिरलेल्या केबलीमुळे, नसलेल्या अर्थिंगमुळे आणि विजेच्या खेळखंडोब्यामुळे. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर अशाच लांब पल्ल्याच्या वाय-फाय लिंक टाकून खेड्यांतली तपासणी केंद्रं डॉक्टरांशी व्हिडिओने जोडली होती. त्या मंडळींनी पुढे अनुभव लिहिला, त्यातही रेडिओपेक्षा खराब वीजपुरवठ्याने जळालेल्या उपकरणांचंच रडगाणं जास्त आहे. म्हणून या लेखातही रेडिओला थोडी आणि पाइप-केबलला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी अंतर ३ किमी धरू. एका टोकाला दुमजली घर, दुसऱ्या टोकाला पत्र्याचं पॅकहाऊस.

आधी दिसतं का ते बघा

खरेदीच्या आधी गूगल अर्थमध्ये दोन्ही जागांवर खुणा करा, मध्ये रेष काढा आणि त्या रेषेचा उंचीचा आलेख उघडा. मध्ये टेकाड असेल तर ते तिथेच कळेल. आलेखात झाडं आणि नवी बांधकामं मात्र धड दिसत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष गच्चीवर चढायलाच हवं.

तीन किलोमीटरवरचं पॅकहाऊस नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड जातं. सोपी युक्ती म्हणजे आरसा. स्वच्छ उन्हाच्या वेळी पलीकडच्या माणसाला हातभर आरशाने तुमच्या दिशेला कवडसा पाडायला सांगा आणि फोनवर बोलत राहा. कवडसा चमकला की दिशाही कळली आणि मधला मार्ग मोकळा आहे हेही कळलं. डिश ज्या उंचीवर बसणार आहे त्याच उंचीवरून हे करा. खाली उभं राहून केलेल्या पाहणीला काही अर्थ नाही.

पण नुसतं दिसणं पुरत नाही. रेडिओलहरींना दोन टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर, काकडीसारखी मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. या जागेचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. ५.८ गिगाहर्ट्झला ३ किमीच्या लिंकमध्ये अगदी मध्यावर तिची त्रिज्या सुमारे ६.२ मीटर येते, म्हणजे ६० टक्के धरले तर ३.७ मीटर. पृथ्वीच्या गोलाईचा विचार इतक्या अंतरात करायची गरज नाही, तो फरक जेमतेम १३ सेंटिमीटरचा आहे.

आता हिशेब करू. घराकडची डिश जमिनीपासून १० मीटरवर, पॅकहाऊसची ८ मीटरवर, जमीन सपाट. मध्यावर रेष ९ मीटर उंचीवरून जाते. त्यातून ३.७ वजा केले की ५.३ उरतात, म्हणजे मध्यावर पाच मीटरपर्यंतचं काहीही चालेल. द्राक्षाचा मांडव चालेल, तोडणीला आलेला ऊसही चालेल. बांधावरची सात मीटरची बाभूळ चालणार नाही. वाऱ्याला आड म्हणून लावलेली सुरूची किंवा निलगिरीची रांग तर मुळीच नाही. निलगिरी वर्षाला दोन-तीन मीटर सहज वाढते, तेव्हा आज झाडाच्या शेंड्यावरून जेमतेम जाणारी लिंक पुढच्या वर्षी बंद पडणार हे धरून चाला. पानांत पाणी असतं आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. झाडाच्या आरपार लिंक जात नाही. उन्हाळ्यात, पानगळीत गेल्यासारखी वाटते आणि पावसाळ्यात दगा देते.

झाड टोकाजवळ असेल तर गणित थोडं सौम्य होतं. डिशपासून १०० मीटरवर त्रिज्या सव्वादोन मीटरच असते, त्यामुळे घरासमोरच्या आंब्याला एखाददुसरी फांदी छाटून वळसा घालता येतो. मध्यावरच्या झाडाला उपाय एकच, उंची वाढवणं. तेही जमत नसेल तर दोन्हीकडून दिसणारी तिसरी जागा शोधा. टेकडीवरचं कुणाचं घर, किंवा परवानगी मिळाली तर ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी. तिथे रेडिओंची दुसरी जोडी लागेल, वीज लागेल आणि त्या माणसाशी संबंध चांगले ठेवावे लागतील.

परवाना

भारतात ५ गिगाहर्ट्झचे मुख्य पट्टे २०१८ च्या अधिसूचनेने बाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाले. आपल्या कामाचा पट्टा ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. त्यात अँटेनातून एका दिशेला जाणारी परिणामी ताकद ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉटपर्यंत चालते. उपकरणाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची मान्यता असावी लागते, म्हणून परदेशातून कुणाच्या बॅगेतून आलेला रेडिओ टाळलेला बरा. सेटिंगमध्ये देश भारतच निवडा. जास्त ताकद मिळते म्हणून दुसरा देश निवडायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ५६०० ते ५६५० च्या आसपास हवामान रडार चालतात, तिकडेही जाऊ नका. परवानामुक्त याचा दुसरा अर्थ असा की उद्या शेजाऱ्याच्या लिंकचा त्रास झाला तर दाद मागायला जागा नाही.

आणि हे सगळं आपल्याच दोन जागा जोडण्यापुरतं. वाटेतल्या वस्त्यांना पैसे घेऊन इंटरनेट द्यायचा विचार असेल तर तो परवान्याचा धंदा आहे.

रेडिओ किती ताकदीचा

हवेत सिग्नल किती गळतो हे सूत्राने काढता येतं. ३ किमीला ५८०० मेगाहर्ट्झवर ११७ डीबी (डीबी हे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप). दोन्हीकडे २३ डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते त्याचं हे माप) डिश घेतल्या आणि रेडिओची ताकद १३ डीबीएम ठेवली तर बाहेर पडतात ३६. त्यातून ११७ गेले, पलीकडच्या डिशने २३ मिळवून दिले, हाती राहिले उणे ५८ डीबीएम. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे दिशा जुळवताना हाच कामी येणार आहे. उणे ६५ पर्यंत निवांत चालतं, उणे ७० च्या खाली वेग उतरायला लागतो.

२३ ते २५ डीबीआयच्या तयार डिश सहज मिळतात. युबिक्विटीची लाइटबीम ५एसी जेन २, मायक्रोटिकची एलएचजी ५ एसी, टीपी-लिंकची सीपीई७१० या त्यातल्या. अर्धा किलोमीटरच असेल तर नॅनोस्टेशन लोकोसारखा १३ डीबीआयचा चपटा डबाही पुरतो. पण माझं मत विचाराल तर अंतर कमी असलं तरी डिशच घ्या. तिचा झोत अरुंद असल्यामुळे आजूबाजूच्या वायरलेस इंटरनेटवाल्यांचा कलकलाट कमी ऐकू येतो, आणि हल्ली गावोगावी हेच खरं दुखणं आहे. वारा फार असेल तर जाळीची डिश, कारण भरीव डिश वारा धरते. दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे रेडिओ घ्यायचे, हे वेगळं सांगायला नको. लॅनचं पोर्ट गिगाबिट आहे ना तेवढं बघा, नाहीतर हवेत २०० एमबीपीएस धावतील आणि तारेत ९५ वर अडकतील.

पावसाने सिग्नल जातो ही भीती डीटीएचमुळे बसलेली आहे. डीटीएचचा सिग्नल १० गिगाहर्ट्झच्या वरचा. ५.८ ला अगदी ढगफुटीसारख्या पावसातही किलोमीटरमागे एखादा डीबी जातो. पावसात तुमची लिंक पडत असेल तर पाणी हवेतलं नाही, जोडातलं शोधा.

गच्चीवर चढायच्या आधी टेबलावर

दोन्ही रेडिओ घरात टेबलावर चालू करा, फर्मवेअर अद्ययावत करा, ताकद कमीत कमी ठेवा आणि तिथेच एकमेकांशी जोडून बघा. पाइपावर एका हाताने लटकत पासवर्ड टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

घराकडचा रेडिओ ॲक्सेस पॉइंट (जोडून घेणारा), पॅकहाऊसचा स्टेशन (त्याला जोडला जाणारा). दोन्ही ब्रिज मोडमध्ये, म्हणजे मधली हवा ही नुसती एक लांब लॅन केबल असल्यासारखी वागते. नव्या डब्यातले दोन्ही रेडिओ एकाच पत्त्यावर येतात, उदाहरणार्थ युबिक्विटीचे १९२.१६८.१.२०. एकाचा पत्ता बदलून २१ करा आणि दोन्ही आकडे डिशच्या पाठीवर मार्करने लिहा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा त्यापुढची, पासवर्ड लांब. मूळचा ॲडमिन पासवर्ड बदलायला विसरू नका.

चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला ती भरपूर होते. गर्दी फार असेल तर २० वर या. ८० चा मोह नको. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट आत येतो.

अंतराचं सेटिंग ही दुर्लक्षित गोष्ट आहे. प्रत्येक पाकिटाची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, पोच पलीकडून परत यावी लागते. ३ किमी जायला १० आणि यायला १० मायक्रोसेकंद लागतात, आणि घरातला साधा वाय-फाय तेवढं थांबत नाही. तो पाकीट हरवलं समजून पुन्हा पाठवतो. म्हणून अंतर खऱ्यापेक्षा थोडं जास्त, साडेतीन किमी भरा, किंवा स्वयंचलितवर ठेवा.

पॅकहाऊसमध्ये वाय-फाय पसरवायला जो राउटर लावाल तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. त्यात तो मोड नसेल तर डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करून केबल लॅनच्या भोकात घाला, वॅनच्या (इंटरनेट आत येण्याच्या) नाही. हे चुकलं की दोन राउटर पत्ते वाटायला बसतात आणि मग घरचा टीव्ही मळ्यातल्या राउटरला इंटरनेट मागत बसतो.

पाइप, केबल, अर्थिंग

पाइप दोन इंची, बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय. एक इंची पाइप स्वस्त पडतो, पण वाऱ्यात हलतो. २३ डीबीआयच्या डिशचा झोत दहा अंशांच्या आसपास असतो आणि ३ किमीवर एक अंश म्हणजे ५२ मीटर. पाइपाचा शेंडा जरा झुलला तर पलीकडे केवढा फरक पडतो ते यावरून समजा. गच्चीच्या कठड्याला पाइप बांधू नका, कठड्याची वीट सैल होते. जिन्याच्या खोलीची भिंत किंवा कॉलम धरा. दोन क्लॅम्प, मध्ये निदान एक मीटर अंतर, अँकर बोल्टने. स्लॅबच्या वर तीन मीटरपेक्षा उंच जायचं असेल तर तीन बाजूंनी ताणाच्या तारा हव्यातच.

पॅकहाऊसवर पत्र्याला भोक पाडून पाइप उभा करणारे फॅब्रिकेटर आहेत. त्यांना हात जोडा. पाइप खालपासून लोखंडी खांबाला वेल्ड करून घ्या. पत्रा उन्हात ताणतो, वाऱ्यात थरथरतो आणि भोकातून गळतो.

पाइप ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी तपासा. पाइप तिरका असेल तर डिश डावीकडे फिरवताना ती वरही जाते आणि दिशा जुळवताना डोकं फिरतं. वरच्या तोंडाला टोपी घाला, नाहीतर गांधीलमाशा घर करतात आणि पाइप आतून गंजतो.

केबल बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची, शील्ड असलेली आणि शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल निम्म्या भावात मिळते आणि दिसायला तंतोतंत तशीच असते. दुकानातच टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर ती ॲल्युमिनियम. रेडिओला वीज याच तारेतून, पीओईने जाते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे लांबवर व्होल्टेज पडतं आणि रेडिओ मधूनच रीस्टार्ट होतो. जोडाशी ती तुटते तेही लवकर. पीओईच्या डब्याला दोन तोंडं असतात, एक रेडिओकडे आणि एक राउटरकडे. उलटसुलट लावली तर २४ व्होल्ट राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या पोर्टात जातात. तोंडांवर रंगीत टेप लावून ठेवा.

केबल डिशमध्ये खालून वर शिरली पाहिजे आणि भिंतीतून आत जाण्याआधी तिला खाली झोळ हवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या दोन उन्हाळ्यांत भुगा होतात, काळ्या घ्या. खारी असतील तर केबल एचडीपीई पाइपातून न्या. वानरं येत असतील तर डिश उंच घेऊनही फारसा उपयोग नाही. दोन क्लॅम्पचे नट जास्त कसायचे आणि महिन्यातून एकदा सिग्नल बघायचा.

आता वीज कोसळण्याचं. आपल्याकडे धोका आषाढापेक्षा वळवाच्या दिवसांत जास्त, एप्रिल ते जून. थेट वीज पडली तर काही वाचत नाही, पण बहुतेक रेडिओ मरतात ते जवळपास पडलेल्या विजेने केबलीत उसळलेल्या दाबामुळे. त्यावर उपाय आहे. केबलीला दोन सर्ज प्रोटेक्टर, एक डिशजवळ आणि एक इमारतीत शिरण्याआधी. दोन्हींचं अर्थचं टोक जाड तांब्याच्या तारेने अर्थिंगला. अर्थिंगशिवाय सर्ज प्रोटेक्टर म्हणजे केबलीतला आणखी एक जोड, बाकी काही नाही. पाइपही त्याच अर्थिंगला जोडा. इमारतीचं एक आणि डिशचं दुसरं, अशी दोन सुटी अर्थिंग ठेवू नका. वीज पडली की त्यांच्यामध्ये व्होल्टेजचा फरक तयार होतो आणि तो तुमच्या राउटरमधून वाट काढतो. वेगळा खड्डा केलाच असेल तर दोन्ही जाड तारेने एकत्र बांधा. काळ्या मातीत चांगलं अर्थिंग मिळतं, पण उन्हाळ्यात ती भेगाळते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. मुरमाड जमिनीत किंवा कोकणात जांभ्यावर एका खड्ड्याने भागेलच असं नाही, इलेक्ट्रिशियनकडून मीटरने मोजून घ्या. डिश पाइपाच्या टोकाला न लावता अर्धा मीटर खाली लावा, म्हणजे सर्वांत उंच वस्तू पाइप राहील.

खांब इमारतीपासून लांब असेल तर खांबापासून घरापर्यंत तांब्याऐवजी फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल एकमेकांना जोडणारे डबे) वापरा. काचेतून वीज जात नाही. मात्र खांबावर रेडिओला वीज तिथल्या तिथे, सोलरवरून द्यावी लागते. घरातून तार ओढली तर फायबरचा फायदा गेला.

शेतावरची वीज

पॅकहाऊसला शेतीपंपाच्या फिडरवरून वीज असेल तर ती पाळीने येते. लिंक मात्र चोवीस तास हवी, कॅमेरे रात्रीच लागतात. रेडिओला ७ वॉट आणि राउटरला ५ धरले तर दिवसाला २८८ वॉट-तास होतात. दोन दिवस ढगाळ गेले तरी चालावं असं वाटत असेल तर १२ व्होल्ट १०० एएचची लेड-ॲसिड बॅटरी आणि १५० वॉटचं पॅनल. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही हे यात गृहीत आहे. १२ चे २४ व्होल्ट करणारा पीओई बूस्टर मिळतो. इन्व्हर्टर मध्ये घालू नका, तो रिकामा बसूनही वीज खातो.

सिंगल फेज नियमित असेल तर छोटा डीसी यूपीएस पुरेल. त्याच्या आधी स्टॅबिलायझर मात्र लावा. न्यूट्रल ढिला झाला की २३० चे ३०० व्होल्ट व्हायला वेळ लागत नाही.

दिशा जुळवणं

दोन माणसं, दोन फोन, वारा नसलेली सकाळ. फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, लोखंडी पाइपाजवळ ते काहीही दाखवतं. आरशाने सापडलेली दिशा आणि त्या रेषेतली एखादी ठळक खूण धरा, देवळाचा कळस, टाकी, जे असेल ते.

एका वेळी एकाच टोकाची डिश हलवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. आधी आडवी फिरवा, पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे, सावकाश, आणि रेडिओ दाखवतो तो सिग्नलचा आकडा स्थिरावायला दर वेळी चार-पाच सेकंद द्या. मध्ये एक छोटं शिखर लागेल, मग पडेल, मग मोठं लागेल, मग पुन्हा छोटं. मोठं तेच खरं. पहिल्या छोट्या शिखरावरच समाधान मानून नट कसणारे बरेच असतात, आणि मग उणे ७५ वर लिंक वर्षभर रडत चालते. इथे भिंतीवर लिहिलेला उणे ५८ कामाला येतो. त्याच्या पाच डीबीच्या आत आलात तर मुख्य झोत सापडला. पंधरा-वीसने मागे असाल तर तुम्ही बाजूच्या झोतावर आहात, पुन्हा फिरवा. आडवं झालं की उभं, मग दुसरं टोक, मग पुन्हा पहिलं.

नट कसताना आकड्यावर नजर ठेवा. एक बाजू पूर्ण कसून मग दुसरी कसली तर डिश सरकते, आलटून पालटून थोडं थोडं कसा. शेवटी पाइपावर आणि क्लॅम्पवर एक सलग रेघ मार्करने मारून ठेवा.

चालू झाल्यावर

इंटरनेटची स्पीड टेस्ट लिंकची परीक्षा घेत नाही, ती प्लॅनची घेते. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ३ हा दोघांमधला वेग मोजणारा प्रोग्राम चालवा. ४० मेगाहर्ट्झवर स्वच्छ हवेत दीडशे एमबीपीएसच्या वर मिळायला हवेत. पिंग (पाकीट जाऊन परत यायचा वेळ) दोन-चार मिलिसेकंद, आणि रात्रभर चालवूनही एकही पाकीट हरवू नये. त्या दिवशीचा सिग्नल वहीत लिहून ठेवा, दोन्ही साखळ्यांचा वेगवेगळा (रेडिओ एकाच वेळी दोन वाटांनी सिग्नल पाठवतो-घेतो, त्या या साखळ्या किंवा चेन). पुढचं सगळं निदान त्यावर चालतं.

सिग्नल महिन्या-महिन्याला एकेक डीबीने उतरत असेल तर मध्ये झाड वाढतंय. दोन्ही साखळ्या एकदम खाली आल्या तर डिश हलली, मार्करची रेघ बघा. एकच साखळी पडली, दुसरी जागेवर असेल तर रेडिओत पाणी गेलं असण्याची शक्यता मोठी. सिग्नल उत्तम पण संध्याकाळी वेग बसतो, तर आसपास कुणीतरी त्याच चॅनेलवर आलं आहे. रेडिओतलं स्पेक्ट्रम पाहण्याचं साधन संध्याकाळीच चालवा आणि मोकळा चॅनेल निवडा, दुपारच्या पाहणीत तो शेजारी दिसणार नाही. रेडिओ किती वेळ चालू आहे हा आकडा पुन्हा पुन्हा शून्यावर येत असेल तर हवेकडे बघूच नका, पीओईचा डबा, आरजे४५ चा जोड आणि व्होल्टेज तपासा. लॅनचं पोर्ट १००० ऐवजी १०० किंवा १० दाखवत असेल तर तो जोड पुन्हा क्रिम्प करा. पिना हिरवट झाल्या असतील तर हातभर केबल कापून टाका, कारण पाणी आवरणाच्या आतून बरंच वर चढलेलं असतं.